न दाबलेल्या कळा : प्रस्तावना

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या पोथ्यांची सूची करायला बसलेल्या माणसासमोर एकाच दिवसात किती लिप्या येऊन जातात, याची कल्पना पुण्यामुंबईत बसून येत नाही. संस्कृत पोथी कधी ग्रंथ लिपीत असते, कधी नंदिनागरीत, कधी तेलुगूत, कधी देवनागरीत. भोसले राजांच्या दरबाराचे दफ्तर मोडीत आहे. ग्रंथालयाचा रोजचा व्यवहार तमिळमध्ये चालतो. आर्थर बर्नेल यांनी इथल्या संस्कृत पोथ्यांची जी वर्गीकृत सूची १८८० मध्ये छापून आणली ती इंग्रजीत आहे, आणि तिचे आकडे आजही संदर्भाला घ्यावे लागतात. सरफोजी राजांनी (दुसरे सरफोजी, राज्यकाळ १७९८ ते १८३२) हा संग्रह वाढवला तेव्हा नोंदी हातानेच लिहायच्या होत्या. लेखणीला लिपी बदलायला वेळ लागत नाही. संगणकाला लागतो. सूचीची आज्ञावली जुनी असेल तर फारच लागतो.

इथे एक काल्पनिक पण अगदी रोजचे वाटावे असे उदाहरण घेतो. कोणा सूचिकाराने हजारभर मराठी पोथ्यांची माहिती एक्सेलमध्ये नीट भरून ठेवली आहे : नाव, कर्ता, पाने, लिपी, शेवटची पुष्पिका. आता ती संस्थेच्या सूचीच्या आज्ञावलीत जायला हवी. ती आज्ञावली वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची, तिचा कर्ता कुठे आहे ठाऊक नाही, मूळ कोड कोणापाशी नाही. तिच्या खिडकीत बारा रकाने आहेत. एक भरायचा, टॅब दाबायची, पुढचा भरायचा, शेवटी एफ-टेन दाबून नोंद जतन करायची. हजार पोथ्या म्हणजे बारा हजार रकाने. हे काम हाताने करायचे की दुसऱ्या आज्ञावलीकडून कळा दाबून घ्यायच्या, हा प्रश्न पडला की माणूस या विषयाच्या उंबरठ्यावर आला असे समजावे. त्याचे स्वागत करणे हे या प्रस्तावनेचे पहिले काम आहे, आणि त्याला थोडे थोपवणे हे दुसरे.

विषय एका वाक्यात सांगता येतो. एका आज्ञावलीने कीबोर्डाची नक्कल करायची आणि त्या नकलेच्या जोरावर दुसरी आज्ञावली चालवायची. हे ऐकून पुष्कळ जाणकार नाक मुरडतात. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात याला जागा नसते. हिशेबनीस, ग्रंथपाल, खेळाडू आणि चाचणी घेणारे अभियंते यांनी हे ज्ञान आपापल्या गरजेपोटी जमवले आहे. माझे मत असे की विषय हलका नाही, त्याच्याकडे पाहण्याची रीत हलकी आहे. कळ दाबणे एका ओळीत होते. ती कळ कोणाला पोहोचली, त्याने तिचे काय केले आणि हे आपल्याला कसे समजणार, यातच सगळी विद्या आहे. पुढची सर्व प्रकरणे या एकाच प्रश्नाभोवती फिरतात.

आधी खऱ्या कळेचा प्रवास पाहू. बोट खाली गेले की कीबोर्ड त्या कळेच्या जागेचा क्रमांक पाठवतो. अक्षर पाठवत नाही. ‘क’ की ‘के’ हे त्या तारेला ठाऊकही नसते. हा झाला स्कॅन कोड. विंडोजमध्ये ड्रायव्हर त्याचे एका आभासी कळक्रमांकात रूपांतर करतो, यंत्रणा तो आपल्या रांगेत ठेवते आणि त्या घटकेला ज्या खिडकीकडे फोकस असेल तिच्याकडे ‘कळ खाली गेली’ असा संदेश धाडते. अक्षर त्यानंतर, निवडलेला लेआउट पाहून ठरते. कळ उचलली गेली हा संदेश वेगळा. नक्कल करणाऱ्याला या वाटेत अनेक ठिकाणी शिरता येते : अगदी खाली ड्रायव्हरच्या पातळीवर, मध्ये यंत्रणेच्या रांगेत, किंवा थेट त्या खिडकीच्या दारात. जितके वर शिराल तितके सोपे, आणि जितके वर शिराल तितकी नक्कल अपुरी. खिडकीला नुसता ‘कळ खाली’ हा संदेश टाकला तर साधी अक्षरे बहुधा उमटतात. पण कंट्रोल किंवा शिफ्ट खरोखर दाबलेली आहे का, असे त्या आज्ञावलीने यंत्रणेला विचारले तर उत्तर ‘नाही’ असे येते आणि कंट्रोल-एस मुकाट्याने वाया जाते. विंडोजचे सेंड-इनपुट हे फलन यंत्रणेच्या रांगेत शिरते, म्हणून ते जास्त विश्वासाचे. एकाच हाकेत दिलेल्या कळांच्या मध्ये वापरणाऱ्याने प्रत्यक्ष दाबलेली कळ घुसत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याच्या आधीच्या कीबोर्ड-इव्हेंट फलनात तो नव्हता.

इतिहास फार सांगत नाही, पण एक टप्पा वगळता येणार नाही. डॉसच्या काळात पीसीच्या स्मृतीत कीबोर्डासाठी बत्तीस बाइटांची एक छोटी जागा असे. तीत पंधरा कळा मावत, सोळावीला यंत्र पीं करून ओरडे. त्या जागेत आपणच कळा लिहून ठेवल्या की पुढची आज्ञावली त्या खऱ्या समजून वाचत असे. हाच तो काळ, जेव्हा भारतीय लिप्यांना डीबेस किंवा लोटसमध्ये जागा नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट कार्ड पीसीत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलीत देवनागरी किंवा तमिळ टाइप करता येई. मूळ आज्ञावलीला हात न लावता तिच्या कीबोर्डाच्या आणि पडद्याच्या बाजूला उभे राहून काम साधायचे, ही त्यामागची युक्ती. आपल्या विषयाची भारतीय वंशावळ मी तिथून धरतो. पुढे व्हिज्युअल बेसिकमध्ये सेंडकीज आले. अधिकचे चिन्ह म्हणजे शिफ्ट, टोपीचे म्हणजे कंट्रोल, टक्क्याचे म्हणजे ऑल्ट, ही त्याची लघुलिपी एक्सेलचे मॅक्रो लिहिणाऱ्यांना आजही पाठ असते. १९९९ मध्ये जोनाथन बेनेट यांचे ऑटोइट आणि २००३ मध्ये ख्रिस मॅलेट यांचे ऑटोहॉटकी आले, तेव्हा हे काम प्रोग्रामर नसलेल्यांच्याही आवाक्यात आले.

तंजावरात बसून हा विषय शिकण्यात एक फायदा आहे, आणि तो पुस्तकाबाहेरचा आहे. इथला जवळजवळ प्रत्येक टंकलेखक नकली कळांवरच जगतो, फक्त त्याला ते ठाऊक नसते. तमिळनाडू सरकारने १९९९ मध्ये तमिळ९९ हा कीबोर्ड प्रमाण ठरवला : स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. पण टंकलेखन यंत्रावर शिकलेल्यांचा हात जुन्याच मांडणीवर बसलेला, आणि तरुणांना रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे टाइप करण्याची सवय. ही सगळी माणसे एकाच संगणकावर काम करू शकतात ती कीमॅन किंवा ई-कलप्पैसारख्या साधनांमुळे. अशी साधने कळ वाटेतच अडवतात आणि तिच्या जागी दुसरी सोडतात. उच्चारानुसार टाइप करताना ‘के’ दाबली की आधी हलन्त क उमटतो. मग ‘ए’ दाबली की साधन पुष्कळदा एक बॅकस्पेस पाठवते, हलन्त पुसते आणि पूर्ण क उरतो. तो बॅकस्पेस कोणाच्याही बोटाने दाबलेला नसतो. समोरची आज्ञावली बॅकस्पेसने एक वर्णसंकेत पुसते की आख्खे अक्षर, यावर पुढचे सगळे अवलंबून. तिने जास्त पुसले तर शब्दाचा विचका होतो आणि टंकलेखक फॉन्टला शिव्या घालतो. बिचाऱ्या फॉन्टचा यात काही संबंध नसतो.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपल्याकडेही इनस्क्रिप्ट, टंकलेखन यंत्राच्या वळणाची मांडणी आणि उच्चारी मांडणी अशी तिहेरी परिस्थिती आहे. त्यातली इनस्क्रिप्ट तंजावरच्या टेबलावर विशेष मजा आणते. १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती प्रमाण केली ती सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच म्हणून. क जिथे देवनागरीत, तिथेच तमिळमध्ये. म तिथेच, ळही तिथेच. म्हणजे ‘कमळ’ या शब्दाच्या कळा एखाद्या आज्ञावलीने पाठवल्या आणि लेआउट मराठी असला तर देवनागरी उमटेल, तमिळ असला तर त्याच उच्चाराचा तमिळ शब्द. पण ‘खत’ पाठवला तर फसगत, कारण तमिळला ख लागत नाही आणि शिफ्ट-के ला तिथे ख ची जोडी नाही. यातून या विषयातला पहिला मोठा भेद समोर येतो : तुम्ही कळ पाठवता आहात की अक्षर? कळ पाठवली तर तिचा अर्थ त्या क्षणीचा लेआउट ठरवतो, आणि तो लेआउट दुपारच्या जेवणाआधी शेजारच्या सहकाऱ्याने बदललेला असू शकतो. अक्षर पाठवले, म्हणजे युनिकोडच्या मार्गाने पाठवले, तर लेआउटची कटकट संपते. पण युनिकोडपूर्व आज्ञावलीला ते अक्षर समजत नाही आणि रकान्यात प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. जुन्या आज्ञावलीला जुन्या फॉन्टच्या कळाच द्याव्या लागतात, आणि त्यांत पुष्कळदा ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दाबायची असते. तमिळमध्येही टंकलेखन यंत्राच्या रीतीने ए ची खूण व्यंजनाआधी येते. तेव्हा आपल्या कोडला आधी शब्दाची मोडणी करावी लागते, मग कळा.

मोडीची गोष्ट आणखी निराळी. अंशुमन पांडे यांनी मांडलेल्या प्रस्तावानंतर मोडी २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत आली. पण देवनागरी आणि तमिळ ज्या पहिल्या पासष्ट हजार जागांच्या पट्ट्यात आहेत, त्या पट्ट्यात मोडीला जागा मिळाली नाही. ती त्याबाहेर आहे. सेंड-इनपुटने युनिकोड अक्षर पाठवताना एका वेळी सोळा बिटच पाठवता येतात. देवनागरी क तेवढ्यात बसतो. मोडी क चे दोन तुकडे करावे लागतात, आणि प्रत्येक तुकडा एकदा खाली, एकदा वर, म्हणजे एका अक्षराला चार घटना. समोरच्या आज्ञावलीने ते दोन तुकडे जोडून घेतले तर अक्षर दिसते. नाही घेतले तर दोन रिकामे चौकोन. तंजावरच्या मोडी कागदांची नोंद मूळ लिपीत करू पाहणाऱ्याने ही चाचणी पहिल्या दिवशीच घ्यावी. यशस्वी झाली नाही तर देवनागरी लिप्यंतरावर समाधान मानावे. इथल्या कागदांच्या अभ्यासकांनी आजवर लिप्यंतर आणि भाषांतर यांवरच बरेच काम निभावले आहे.

आता विषयाच्या खऱ्या अडचणीकडे. नकली कळ पाठवणाऱ्याला पोच मिळत नाही. यंत्रणा फार तर सांगते की इतक्या घटना रांगेत घातल्या. त्या सूचीच्या रकान्यात गेल्या, की मधेच उगवलेल्या ‘अपडेट उपलब्ध आहे’ अशा खिडकीत, हे ती सांगत नाही. विंडोज व्हिस्टापासून एक अधिकची भिंत उभी राहिली : साध्या अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलीला प्रशासकीय अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलीकडे कळा पाठवता येत नाहीत. त्यात वाईट हे की कळा या भिंतीवर आपटल्या हे सेंड-इनपुटच्या उत्तरावरूनही कळत नाही आणि त्यामागच्या चूकक्रमांकावरूनही नाही. मायक्रोसॉफ्टने हे दस्तऐवजात स्वच्छ लिहून ठेवले आहे, पण ते वाचायची वेळ बहुतेकांवर अर्धा दिवस वाया गेल्यानंतरच येते. लिनक्सच्या जुन्या एक्स यंत्रणेत दुसरी तऱ्हा. तिथे एका खिडकीला परस्पर पाठवलेल्या घटनेवर ‘ही पाठवलेली आहे’ असा शिक्काच असतो, आणि एक्सटर्मसारखी टर्मिनल-खिडकी असा शिक्का पाहून ती मुळातच नाकारते. म्हणून एक्सडूटूलसारखी साधने शक्यतो एक्सटेस्ट या विस्ताराच्या वाटेने जातात, जिथून आलेली कळ खऱ्यासारखीच दिसते. नव्या वेलँडमध्ये एका आज्ञावलीने दुसरीच्या कळा पाहाव्यात किंवा पाठवाव्यात हे मुळातच मान्य नाही. तिथे कर्नलच्या यूइनपुटमधून नवा कीबोर्ड जन्माला घालावा लागतो किंवा वापरणाऱ्याची परवानगी घेऊन ठरलेल्या दारातून यावे लागते. मॅकवर सुलभतेच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या आज्ञावलीला नाव घेऊन मुभा द्यावी लागते. या सगळ्या अडवणुकीला मी वैतागत नाही. जी वाट आपल्याला उघडी, ती चोरालाही उघडी.

वेळेचा प्रश्न याच अडचणीचा दुसरा चेहरा. माणूस टॅब दाबतो, कर्सर पुढे सरकलेला पाहतो आणि मग लिहितो. कोड पाहत नाही. ‘जतन करा’ म्हटल्यावर खिडकी एरवी पाव सेकंदात मोकळी होत असेल, पण शंभराव्या नोंदीला डिस्क चाळवली आणि दोन सेकंद लागले, तर मधल्या कळा हवेत जातात किंवा पुढच्या नोंदीचे नाव मागच्या नोंदीच्या कर्त्याच्या रकान्यात पडते. त्यानंतरच्या नऊशे नोंदी एकेक रकाना सरकलेल्या! नवशिका यावर प्रत्येक कळेमागे एक सेकंदाचा विसावा घालतो. तो उपाय मंद आहे आणि खात्रीचाही नाही. अमुक नावाची खिडकी पुढे येईपर्यंत थांब, अमुक रकान्यात मजकूर दिसेपर्यंत थांब, दिसला नाही तर पुढे जाऊ नकोस आणि मला बोलाव, असे कोडला शिकवावे लागते. भरलेला रकाना निवडून त्याची प्रत घेऊन मूळ मजकुराशी ताडून पाहणे हा माझा आवडता मार्ग. त्याने काम दुप्पट लांबते, पण तमिळनाडूच्या उन्हाळ्यात पंख्याखाली बसून वाट पाहायला कोणाची हरकत नसावी. हाताने नक्कल केलेली पोथी मूळाशी ताडून वाचायची पद्धत आपल्याकडे होतीच. तिला इथे पर्याय नाही.

म्हणूनच म्हणतो की कळांकडे वळण्याआधी बाकीची सगळी दारे ठोठावून पाहावीत. जुन्या आज्ञावलीत आयात करण्याची सोय एखाद्या आडबाजूच्या मेनूत लपलेली असते. युनेस्कोने फुकट वाटलेली सीडीएस-आयसिस भारतीय ग्रंथालयांत भरपूर वापरली गेली; तिला आयएसओ २७०९ या साच्यातल्या नोंदी थेट घेता येतात, आणि तरीही तिच्यात हाताने नोंदी भरणारी माणसे असत. माहिती कुठल्या फाइलीत साठते हे पाहावे. ते जमले नाही तर दृष्टिहीनांच्या वाचकयंत्रांसाठी घातलेली वाट पाहावी : १९९७ पासूनची ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी आणि तिच्या नंतरची यूआय ऑटोमेशन. या वाटेने बटणाला नावाने हाक मारता येते, रकान्यात काय आहे ते विचारता येते, आणि मुख्य म्हणजे उत्तर मिळते. एनव्हीडीएसारखी वाचकयंत्रे यावरच उभी आहेत. जिथे आज्ञावली इतकी जुनी किंवा इतकी विचित्र की या वाटेला तिच्याकडून काहीच उत्तर नाही, तिथे कळा पाठवाव्यात. शेवटचा उपाय असणे यात कमीपणा नाही. एकच सांगतो, की दोन वाटा एकत्र चालतात : कळांनी लिहावे आणि सुलभतेच्या वाटेने वाचून पडताळावे. पुस्तकातली सगळी मोठी उदाहरणे अशी जोडीचीच आहेत.

या कामाबद्दल संकोच वाटत असेल तर ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलाकडे पाहावे. तिथला बारकोड वाचक पुष्कळदा कीबोर्ड म्हणूनच संगणकाला जोडलेला असतो; लाल किरण पट्ट्यांवरून फिरला की तो अंक टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. हात चालत नाहीत अशा माणसाचा आवाजी कीबोर्ड, पडद्यावरचा कीबोर्ड, तमिळ लिहिणारे साधन, ही सगळी याच कुळातली. त्याच कुळात हॅक-फाइव्हचा रबर डकही आहे. तो दिसतो पेनड्राइव्हसारखा, संगणकाला सांगतो की मी कीबोर्ड आहे, आणि मालकाचे लक्ष नसताना घातक आज्ञा टाइप करून मोकळा होतो. संगणक कीबोर्डावर डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि त्याच विश्वासावर आपलेही काम चालते, हे विसरू नये. दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या नावाने लॉगिन असताना, न विचारता कळा पाठवू नयेत. संस्थेच्या सूचीत आपल्या कोडने भरलेल्या नोंदींवर तशी खूण ठेवावी, म्हणजे पन्नास वर्षांनी त्या तपासणाऱ्याला चूक कुठल्या जातीची असेल याचा अंदाज येईल.

पुस्तक कसे वाचावे याबद्दल थोडे. कोड शिकलेला आणि पोथ्या न पाहिलेला वाचक, आणि पोथ्यांत आयुष्य घालवून कोडला बिचकणारा वाचक, असे दोघे डोळ्यांसमोर आहेत. पहिल्याने लिप्यांचे प्रकरण टाळू नये. पहिला धक्का त्याला तिथेच बसणार आहे. दुसऱ्याने नोटपॅडपासून सुरुवात करावी : एक शब्द देवनागरीत, तोच तमिळमध्ये, तोच मोडीत पाठवून काय उमटते ते नोंदवून ठेवावे. मग खऱ्या आज्ञावलीच्या प्रतीवर, मूळ सूचीवर कदापि नाही, दहा नोंदी भरून पाहाव्यात. आणि दोघांनीही, विंडोज असो वा लिनक्स, आठवे प्रकरण आधी वाचावे. सुटलेले कोड थांबवायचे कसे, याचे ते प्रकरण आहे. कोड भराभर कळा दाबत असते तेव्हा आपला कीबोर्ड आपल्या ताब्यात राहत नाही, थांबवण्याची कळ दाबायला गेलो तरी तीही त्या गर्दीत मिसळते. पायथनच्या पायऑटोगुईमध्ये माउस ओढून पडद्याच्या कोपऱ्यात नेला की काम तत्काळ बंद पडते. ऑटोहॉटकीत अशी कळ आपणच नेमून ठेवावी लागते. ती नेमल्याशिवाय पहिली ओळसुद्धा चालवू नये.